न ठरवता झालेलं चांगलं

बेट म्हटलं की मराठी मनाला समुद्र आठवतो : जंजिरा, सिंधुदुर्ग. माणसाने ठरवून तटबंदी घातलेली ही बेटं. म्हैसूरजवळची बेटं मात्र कुणी ठरवलीच नव्हती.

1645 ते 1648 या काळात राजे कंठीरव नरसराज वडियार यांनी श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीवर बांध घातला. पाणी हवं होतं ते शेतीला. पण पाणी तुंबलं आणि पात्रातल्या उंचवट्यांची चिमुकली बेटं झाली. सभोवती पाणी, पाण्यात मगरी. अंडी-पिल्लं खाणाऱ्या जनावरांना तिथे पोचणं कठीण. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे तिथे घरटी करू लागले. सलीम अलींच्या आग्रहामुळे 1940 मध्ये रंगनतिट्टू अभयारण्य झालं. 2022 मध्ये रामसर यादीत त्याचं नाव लागलं.

तिथे नावेतून फिरताना मला प्रश्न पडतो : या पक्ष्यांचं पुण्य राजाच्या खात्यावर मांडायचं का? आपल्याकडे कर्म जोखताना हेतू पाहतात. हेतू नव्हता, म्हणजे श्रेयही नाही. हे मान्य करणं सोपं आहे. पण तोच न्याय उलटा लावून पाहू. वरच्या अंगाला कृष्णराजसागर धरण आहे. मोठ्या पावसात त्याचे दरवाजे उघडावे लागतात आणि रंगनतिट्टूची बेटं पाण्याखाली जातात, त्यांचे काठ खचतात. घरटी बुडवण्याचा हेतू इथेही कुणाचा नसतो. मग दोषही नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं?

मला ते पटत नाही. दोन्हींत फरक जाणण्याचा आहे. बांध घालणाऱ्यांना पुढे कोण येऊन राहणार हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. जबाबदारीला हेतू लागतोच असं नाही. माहीत असणं पुरतं.

म्हणून पाणी अडवूनच धरा, असं मी म्हणणार नाही. धरण सांभाळायचं आहे, खालच्या गावांत माणसं आहेत. पण पूर ओसरल्यावर खचलेले काठ पुन्हा बांधून काढणं, विणीच्या दिवसांत नाव दूर ठेवणं, एवढं देणं उरतंच. नावेत बसलेल्या माझ्याकडेही त्यातला वाटा येतो. नावाडी विचारतो, ‘अजून जवळ नेऊ?’ फोटो चांगला येईल हे खरं असतं, आणि घरट्यात अंडी आहेत हेही दिसत असतं. तेव्हा ‘नको’ म्हणायला पक्षिप्रेमी असण्याचीही गरज नसते.