रेवतीचे माहेर

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणे झाले, ताटे उठली, आणि मंडळी माजघरात सुपारी कातरीत बसली असताना मावशीने माझ्याकडे वळून विचारले, "काय रे, औंदा तरी तुझी माणसं जमिनीवर उतरली का?"

सारे घर हसले. मीही हसलो, अशा वेळी दुसरे करण्यासारखे काही नसते. माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत आणि दोहोंतली माणसे पृथ्वी सोडून जातात. तिसरी वहीत आहे. तिच्यातली माणसे सहाव्या प्रकरणातच निघून गेली आहेत.

आमचे घर करमाडचे, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. दादा शेती पाहतो. कापूस, मका, तूर यांच्यापलीकडचे भविष्य त्याला ठाऊक नाही, आणि तेवढेही पावसाच्या हाती. ताई जालन्याला दिली. दाजींचे तिथे बियाण्यांचे दुकान आहे. भाचा शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला जातो. सौ. माझी हस्तलिखिते गादीखाली जपून ठेवते, पण वाचीत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. दाजींचे यावर एक ठरलेले वाक्य आहे: "गुरुजी, गणितात ज्याला काठावर पास व्हावं लागलं, त्यानं आकाश मोजू नये." वाक्य चांगले आहे. मी ते एका पात्राच्या तोंडी घातलेही, पण दाजींना ते कळण्याचा संभव नाही.

हे वेड मला सातवीत लागले. शाळेच्या कपाटात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न सापडला. पुस्तकाची शेवटची पाने वाळवीने नेली होती. शेवट काय झाला असेल या विचाराने मला चार रात्री झोप आली नाही, आणि पाचव्या दिवशी मी तो स्वतःच लिहून काढला. लेखक मला वाळवीने केले असे म्हणायला हरकत नाही. तो शेवट मी दादाला वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बैलांना पाणी दाखवलंस का?"

आवड एकट्याची असली की लोक तिला वेड म्हणतात. तीच गावाची झाली की सप्ताह बसतो. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार वैकुंठाचे वर्णन करतो तेव्हा समोरचे पाचशे लोक त्याच्याबरोबर वैकुंठात असतात. मी शनीच्या कड्यांचे वर्णन करतो तेव्हा तिथे मी एकटाच असतो. आनंदाला साक्षीदार का लागावा, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. लागतो एवढे मात्र खरे.

या बाबतीत मला एका माणसाचा फार हेवा वाटे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या गृहस्थांची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरे तेवढी उलटी करून घेतलेली. केंब्रिजमध्ये नाव मिळवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेला हा खगोलशास्त्रज्ञ, आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक झुकू नयेत म्हणून दुसरे नाव घेतो, आणि अक्षरावरून ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगलाबाईंच्या हातून उतरवून घेतो. त्यांच्या विद्वत्तेचा हेवा करण्याइतकी माझी योग्यता नाही. मला हेवा वाटतो तो त्या उतरवून देणाऱ्या हाताचा. कृष्णविवर पहिल्यांदा घरातच कोणीतरी वाचले होते!

२०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा दाजींनी जालन्याहून मुद्दाम फोन केला. "तुमच्या माणसाला अध्यक्ष केलं म्हणे. म्हणजे ह्यात काहीतरी असंल." पुढे २० मे २०२५ ला नारळीकर गेले. मी ओसरीवर नुसता बसून होतो. दादाने विचारले, "कोणी गेलं का?" मी म्हणालो, "हो." "आपल्यातलं?" यावर मी नाही म्हणालो. ते उत्तर मला पुष्कळ दिवस टोचत राहिले.

दाजींशी माझे भांडण होते ते पुराणांवरून. "ह्यात नवं काय? पुष्पक विमान होतंच की," असे ते म्हणतात आणि माझे डोके तापते. मी तावातावाने सांगू लागतो की पुराणात वेगाला भाडे पडत नाही. मनात आणले आणि पोचले. आमच्या कथेत पैन् पैचा हिशेब द्यावा लागतो. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ या यानाचेच पाहा. प्रकाश एका दिवसात जेवढे जातो तेवढे अंतर कापायला त्याला सुमारे एकोणपन्नास वर्षे लागतात, आणि सूर्याशेजारचा सर्वांत जवळचा तारा तर सव्वाचार प्रकाशवर्षांवर! घड्याळांचेही तसेच. भाच्याच्या मोबाइलला समृद्धी महामार्गाचा फाटा ज्या उपग्रहांमुळे सापडतो, त्यांच्यावरची घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाकाठी ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती जुळवून घेतली नाहीत, तर एका दिवसातच मैलोगणती चूक होईल. काळ सगळीकडे सारखा वाहत नाही हे आता कवीचे बोलणे राहिलेले नाही. मी इथवर येतो तोपर्यंत दाजी पान लावून मोकळे झालेले असतात.

दाजींना हरवावे यापेक्षा अधिक काही मला त्या वादात हवे असते का, अशी शंका मला हल्ली येते. माझ्या माणसांनी माझ्या कथा वाचाव्यात, ही मागणी दिसते तितकी निर्मळ नाही. तिच्या पोटात असे असते की, त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहावे.

पण खरा आरोप दाजींचा नाहीच. खरा आरोप कोणी केलाच नाही, म्हणून त्याचे उत्तर अजून देता आलेले नाही. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी होती. रस्ते ओस, शाळा बंद. माझ्यासारख्याला लिहायला याहून अनुकूल काळ कोणता? मी ते सहावे प्रकरण लिहायला घेतले होते. यानातली माणसे पृथ्वीवरून येणारा शेवटचा आवाज ऐकतात, असा प्रसंग होता, आणि तो मला साधत होता. दादा त्या दिवसांत गावातल्या चार जणांबरोबर जालना रस्त्यावर पाण्याची पिंपे आणि भाकरी घेऊन उभा राही, कारण माणसे डोक्यावर बोचकी घेऊन पायी आपापल्या गावाकडे निघाली होती.

८ मेच्या पहाटे आमच्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून चालत निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल आणि मध्य प्रदेशातले आपले गाव गाठता येईल, या आशेने. गाड्या बंदच आहेत अशा समजुतीने ते थकून रुळांवर टेकले होते.

दादा दुपारी घरी आला. अंघोळ केली, भिंतीला पाठ लावून बसला, जेवला नाही. मी वही मिटली. तो मला एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर माझ्याजवळ वाक्य तयार होते: न पाहिलेल्याची कल्पना करता येणे ही दयेची पहिली पायरी आहे, आणि आमच्या कथा तीच शिकवतात. शाळेतल्या भाषणात मी हे वाक्य म्हणून टाळ्याही घेतल्या आहेत. त्या दुपारी ते माझ्या तोंडून निघाले नसते. दादाने आयुष्यात एकही कथा वाचलेली नाही, आणि चालणाऱ्याला तहान लागली असेल हे त्याला माझ्या आधी सुचले होते. माझे वाक्य खोटे आहे असे मला अजूनही वाटत नाही. पण ते माझ्या बाबतीत खरे ठरले नाही. असो.

तर मावशीने विचारले, माणसे उतरली का. थट्टेचा मला थोडा राग आलेला होता. मी म्हणालो, "उतरणार आहेत. ह्या वेळी एक जण परत येतो. प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाऊन आलेला असतो, म्हणून त्याची चार-पाच वर्षंच गेलेली असतात आणि इथली दोनशे."

"म्हणजे रेवतीसारखं," मावशी म्हणाली.

आले पुराण, असे मी मनात म्हटले. दाजी सरसावून बसले. मावशीने सप्ताहात ऐकलेली भागवतातली कथा सांगितली. ककुद्मी राजा मुलीला स्थळ कोणते पाहावे हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणे चालले होते, म्हणून थोडा थांबला. गाणे संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाला, अरे, तेवढ्यात खाली सत्तावीस चौकड्या युगे उलटली. तू मनात धरलेली स्थळे, त्यांची मुले, नातवंडे, कोणी उरले नाही. मग रेवती बलरामाला दिली.

"बघा!" दाजी म्हणाले. मी तोंड उघडणार, तोच मावशी बोलली.

"लगीन झालं ते समदे सांगतात. पण तिला माहेर कुठं उरलं? बाप संगं होता, बाकी वळखीचं एक माणूस नाही. भाऊबीजेला ती कुणाकडं गेली असंल रे?"

ताईचा हात अडकित्त्यावर थांबला. मावशी अडकित्ता घेऊन पुढची सुपारी कातरू लागली. मावशीचे माहेर, म्हणजे माझ्या आईचेही माहेर, नाथसागराच्या पोटात आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले ते एक. आई गेल्यापासून मावशी भाऊबीजेला आमच्याकडे येते. हे सारे मला जन्मापासून ठाऊक होते. बुडालेली शहरे मी परग्रहांवर दोनदा रंगवली आहेत, शाळेच्या फळ्यावर तर कितीदा. आणि मावशीला तिच्या गावाविषयी मी कधी काही विचारले नव्हते.

"तुझा तो परत येतो," ती म्हणाली, "त्याच्या गावाचं काय झालेलं असतं?"

"अजून लिहिलं नाही," मी म्हणालो. मग उठून गादीखालची वही काढली, मागचे कोरे पान उघडले, आणि विचारले, "तुमचं घर नदीकडून पहिलं, की वेशीकडून?"

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे. "वेशीकडून. आधी मारुती, मग लिंब, मग आमचं." मी रेघा ओढू लागलो. वहिनीने दिवा जवळ आणून ठेवला. दाजी वाकून म्हणाले, "मारुतीचं तोंड कोणीकडं होतं?" दादाही येऊन उभा राहिला. मी लिंबाशेजारी विहीर काढली.

"तिथं नाही," मावशी म्हणाली, "जरा अलीकडं."

मी खोडले.