नीतीला वेस आहे काय?

जें कर्म आपल्या गांवांत पाप ठरतें, तें परमुलुखांत जाऊन केलें तर पाप राहत नाहीं काय? हा प्रश्न ऐकून आमचे वाचक कदाचित् हसतील. परंतु सन १७८८ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटापुढें हाच प्रश्न मोठ्या गांभीर्यानें मांडण्यांत आला. तो मांडणारा पुरुष एडमंड बर्क हा होय.

बर्क हा डब्लिन शहरांतील एका वकिलाचा मुलगा. विद्या व वक्तृत्व यांच्या बळावर सन १७६५ मध्यें तो पार्लमेंटचा सभासद झाला. मुख्य प्रधान मात्र तो कधींच झाला नाहीं. आयर्लंडच्या व्यापारास व रोमन कॅथलिक लोकांस न्याय मिळावा असें मतदारांच्या मर्जीविरुद्ध म्हटल्यामुळें सन १७८० मध्यें त्याला ब्रिस्टल शहराची जागा गमवावी लागली.

पुढें त्याची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वॉरन हेस्टिंग्स हा बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल. मराठ्यांशीं व म्हैसूरशीं चाललेल्या लढायांनीं कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. म्हणून काशीचा राजा चेतसिंग याजकडे ठरलेल्या खंडणीहून अधिक पैसा मागण्यांत आला; अयोध्येच्या बेगमांचा खजिना काढून घेण्यासाठीं त्यांच्या कारभाऱ्यांस बेड्या घालण्यांत आल्या. हेस्टिंग्सच्या बाजूनें सबब अशी कीं, पूर्वेकडील राजे असाच कारभार करीत आले आहेत. तेथील कृत्यें इंग्लंडच्या मापानें मोजूं नयेत. बर्कनें ही सबब साफ नाकारिली. जो जुलूम युरोपांत पाप आहे, तो आशियांतही पापच आहे, असें त्याचें म्हणणें होतें.

खटला सात वर्षें चालला, आणि सन १७९५ मध्यें लॉर्डांच्या सभेनें हेस्टिंग्सला निर्दोष ठरविलें. बर्कचा दोषही सांगितला पाहिजे. त्याला जीभ आवरत नसे. नंदकुमाराच्या फांशीवरून त्यानें हेस्टिंग्सवर खुनाचा आरोप केला, तेव्हां सन १७८९ मध्यें कॉमन्स सभेनेंच त्याला दोष लाविला. सत्याचा कैवार घेणाऱ्यानेंही प्रमाणाबाहेर बोलूं नये, हा बोध येथें मिळतो.

तथापि खटला हरला म्हणून प्रश्न मिटला नाहीं, आणि ती सबबही मेली नाहीं. ती आमच्याही तोंडीं येते. “बाजारांत सगळेच असें करितात,” “तो कांहीं आपल्या मंडळींतला नव्हे,” “मजूर परगांवचा आहे,” असें आम्ही म्हणतों तेव्हां आम्हीही नीतीला वेस घालतों. प्रभुवारीं उपासनेंत एक मनुष्य, बाजारच्या दिवशीं दुसरा. पाळकापुढें नम्र, मजुरापुढें कठोर, असें वागणाऱ्याची साक्ष कोण ऐकेल? उपदेशक बंधूंनीं हें प्रथम स्वतःस विचारावें.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनीं वेशीबाहेर राहून दोन न्यायांचें दुःख भोगलें आहे. गांवाला एक पाणवठा, त्यांना दुसरा. गांवाला एक शब्द, त्यांना दुसरा. ज्यांनीं तें सोसलें त्यांच्या मुलांनींच दुसऱ्याकरितां वेगळें माप ठेवावें काय? वेशीच्या आंत जो देव आहे, तोच वेशीबाहेरही आहे. येत्या बाजारच्या दिवशीं ओळखीच्या गिऱ्हाइकाला व अनोळख्याला आपण एकाच मापानें देतों कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहावें.