न ऐकू येणारा वादक

वाचकहो, शोकात असलेल्या माणसाला आपण पुष्कळ गोष्टी माफ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या शोकाचा भार एखाद्या निरपराध्यावर पडला, तर तेही माफ करावयाचे काय? हा प्रश्न मला जेथे भेटला ती जागा ऐकून काही वडीलमंडळी भुवया उंचावतील. उंचावोत बापडी!

अमेरिकेत मेटॅलिका नावाचा हेवी मेटल संगीताचा एक वाद्यवृंद आहे. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन ठार झाला. वय अवघे 24. ऑक्टोबरअखेर त्याच्या जागी 23 वर्षांचा जेसन न्यूस्टेड आला. उरलेल्या तिघांना धड रडताही आले नव्हते. त्यांनी नव्याची टिंगल केली, त्याला दूर ठेवले. पुढे त्यांनीच हे कबूल केले आहे.

बेसचा सूर म्हणजे काय, हे क्वायरमधील मंडळींना सांगावयास नको. तो असतो तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही. नसला की गीत पोकळ वाटते. 1988 मध्ये मेटॅलिकाची नवी तबकडी निघाली. न्यूस्टेडने तीत बेस वाजवला होता, पहिल्या गाण्याच्या रचनेतही त्याचा हात होता. पण बेसचा आवाज इतका खाली ओढला गेला, की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि तबकडीचे नाव काय, तर 'अँड जस्टिस फॉर ऑल', म्हणजे सर्वांना न्याय!

आवाजांचे मिश्रण करणाऱ्याने पुढे सांगितले, की ड्रमवादक लार्स उल्रिकनेच तसे करावयास लावले. कोणी म्हणतात, सततच्या कार्यक्रमांनी त्यांचे कान थकले होते. शिवाय न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ वाजवीत असल्याने त्याचा सूर तीत बुडाला. हेही खरे असेल. द्वेष सिद्ध करणे कठीण. मात्र गेलेल्याच्या जागेवर दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकणे त्यांना सोसत नव्हते, असे मला वाटते. शोक असा न कळत हात चालवतो.

न्यूस्टेड चौदा वर्षे टिकला. जानेवारी 2001 मध्ये तो बाहेर पडला. त्याला जोडीने दुसरा लहान गट चालवावयाचा होता, ते गायक जेम्स हेटफिल्डला रुचले नाही. 2009 मध्ये क्लीव्हलंड येथे मेटॅलिकाचा सन्मान झाला, तेव्हा बर्टनचे वडील आले होते, आणि न्यूस्टेड नव्या बेसवादकाच्या शेजारी उभा राहून वाजवीत होता.

2018 मध्ये ती तबकडी नव्याने काढली गेली. बेस होता तेथेच राहिला. झाले ते इतिहासाचा भाग आहे, असे हेटफिल्डचे म्हणणे. मला ते निम्मेच पटते.