रिकाम्या मिनिटांचा हिशेब

डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला वांगणीसारख्या ठिकाणी माळावर सतरंज्या पडतात. चार-पाच मिनिटं सामसूम, मग पाठोपाठ तीन उल्का, की एकच गलका. (चहाला उठलेल्याची सगळ्यात मोठी हुकतेच.) 'आता लाट आली' असं कुणीतरी म्हणतं. ही लाटेची समजूत निम्मी खरी आहे, म्हणून तर ती इतकी चिवट.

खरी बाजू १८३३ मध्ये उलगडू लागली. १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री अमेरिकेवर उल्कांचा असा भडिमार झाला की अनेकांना जगबुडीच वाटली. येलच्या डेनिसन ओल्मस्टेड यांनी ठिकठिकाणची वर्णनं गोळा केली आणि दाखवून दिलं, की सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फाकतात. म्हणजे हा हवेतला प्रकार नव्हता, अवकाशातून आलेला कणांचा प्रवाह होता. १८६६ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ शियापारेली यांनी ऑगस्टमधल्या उल्कांचं नातं स्विफ्ट-टटल धूमकेतूशी जुळवलं. ठरावीक रात्री पृथ्वी अशा प्रवाहातून जाते म्हणून उल्का जास्त, हे सुटलं. पण त्याच रात्री घटकेत गर्दी आणि घटकेत ओढ का?

याचं उत्तर आलं भलत्याच वाटेने. पॉइसन या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये विरळ घटना निव्वळ योगायोगाने किती वेळा घडतील याचं सूत्र मांडलं, तेही न्यायनिवाड्यांच्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळाला लावलं: घोड्याच्या लाथेने दगावलेले सैनिक. एखाद्या पथकात वर्षभरात कुणीच नाही, एखाद्यात चार. तरी हा फरक सूत्राशी जुळत होता, कुणाला दोष द्यायचं कारण नव्हतं. १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क यांनी लंडनवर पडलेले जर्मन उडते बॉम्ब मोजले. ते ठरावीक भागांतच पडतात, अशी बोलवा होती. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचे ५७६ चौकोन पाडले. बॉम्ब ५३७. एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९ निघाले. सूत्र म्हणत होतं २२७.

हेच आकाशाला लावून बघा. तासाला ६० उल्का दिसतात असं धरा. मिनिटाला एक, असं मन लगेच वाटप करून टाकतं. सूत्राप्रमाणे मात्र साधारण २२ मिनिटं कोरडी जातात, २२ मिनिटांत एकेक, ११ मिनिटांत दोन-दोन, आणि उरलेल्या पाचांत तीन किंवा जास्त. एखादी चार-पाच मिनिटांची पोकळीही त्यात बसते. मिथुनेतले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. मिनिटाच्या अंतराने दिसलेले दोन कण प्रवाहात दोन हजार किलोमीटर मागेपुढे असतात. एकाला दुसऱ्याची खबर कुठून? बराच वेळ कोरडा गेला म्हणून पुढची उल्का 'देणं' लागत नाही. उलट घड्याळासारखी मिनिटाला नेमकी एक पडू लागली, तर घाबरायला हवं.

खरे घोळके नसतात असं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात चेक प्रजासत्ताकावर दोन सेकंदांच्या आत नऊ उल्का टिपल्या गेल्या. मूळचा एकच तुकडा वाटेत फुटला होता. पण दोन सेकंदांत नऊ ही योगायोगाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे, हेही पॉइसनच्या सूत्रानेच कळतं.

तेव्हा येत्या डिसेंबरला कागदावर साठ घरं आखून सोबत न्या आणि रिकामी मिनिटंही मांडा. नुसत्या उल्का मोजणाऱ्याला लाटाच दिसणार.