समुद्र निर्दयी असतो का?

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या आग्नेयेला डेंजर पॉइंट नावाचं खडकाळ टोक समुद्रात घुसलं आहे. 26 फेब्रुवारी 1852 रोजी पहाटे दोनच्या सुमारास 'बर्कनहेड' ही ब्रिटिश लष्करी बोट इथे पाण्याखालच्या, नकाशात नसलेल्या खडकावर आदळली. बोटीवरच्या सुमारे 640 माणसांपैकी दोनशेसुद्धा वाचली नाहीत. कित्येक बुडाली, काहींना शार्कनी नेलं. पाण्यात सोडलेले घोडे मात्र बहुतेक पोहून किनाऱ्याला लागले.

जग चालवणारा न्यायी असेल, तर हे कसं?

प्रश्न जुना आहे. ईश्वरावरचे पक्षपात आणि निर्दयपणा हे दोन्ही आरोप ब्रह्मसूत्रांनी थेट विचारात घेतले. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला: पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे, तसंच सुखदुःखातलं अंतर ज्याच्या त्याच्या कर्मामुळे. तर्क म्हणून उत्तर चोख आहे. पण बुडालेल्या शिपायांच्या मागच्या जन्मांचा हिशेब मांडायला जीभ धजावत नाही, आणि धजावूही नये. कर्माचा विचार स्वतःच्या वागण्याला लावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मरणाचं कारण सांगायला तो वापरला की त्यातली करुणा निघून जाते.

डेंजर पॉइंटजवळच्या डायर बेटाशेजारी गायझर रॉकवर हजारो सील राहतात. त्यांना खायला पांढरे शार्क इथे येत. 2017 पासून किलर व्हेल या शार्कना मारून त्यांचं यकृत खाऊ लागले आणि शार्क विरळ झाले. यात अपराधी कोणीच नाही. शार्कच्या भुकेला क्रौर्य म्हणता येत नाही, लाटेला तर नाहीच.

क्रौर्य आणि दया हे शब्द निवड करता येते तिथेच लागू पडतात. 'बर्कनहेड' बुडाली त्या पहाटे बायका-मुलांच्या होड्यांकडे सगळे झेपावले असते, तर होड्या उलटल्या असत्या. अधिकाऱ्यांनी शिपायांना जागेवर उभं राहायला सांगितलं आणि बहुतेक जण बोट फुटेपर्यंत उभे राहिले. सगळ्या बायका आणि मुलं वाचली.

पुढे याच समुद्रात पाळी पेंग्विनांवर आली. जून 2000 मध्ये केप टाउनजवळ 'ट्रेझर' हे मालवाहू जहाज बुडालं आणि त्याचं तेल पसरलं. सुमारे 19,000 तेलकट पेंग्विन स्वयंसेवकांनी धुऊन काढले. जवळजवळ तितकेच स्वच्छ पेंग्विन उचलून शेकडो किलोमीटर पूर्वेला सोडले. ते पोहत घरी पोचेपर्यंत पाणी साफ करायला वेळ मिळाला. इथे देव दयाळू आहे का हे कोणी विचारत बसलं नाही, आणि तेच बरोबर झालं.

पण तेलाचा तवंग दिसतो, उपासमार दिसत नाही. पेंग्विन ज्यात बिळं करत तो पक्ष्यांच्या विष्ठेचा थर माणसांनी आधीच खतासाठी खरवडून नेला होता. तारली आणि अँकोव्ही हे त्यांचं अन्न; त्यावर माणसांच्या जाळ्यांनीही हक्क सांगितला. 2024 मध्ये आफ्रिकी पेंग्विन अतिसंकटग्रस्त ठरला. प्रजननक्षम जोड्या दहा हजारांहून कमी उरल्या आहेत. मार्च 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने डायर बेटासह सहा वसाहतींभोवतीच्या ठरावीक पट्ट्यांत या दोन माशांची व्यापारी मासेमारी बंद झाली.