हौतात्म्य आणि साक्ष

‘हुतात्मा’ हा शब्द आपल्याकडे अग्नीशी जोडलेला आहे. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. १९५६ च्या १७ जानेवारीला बेळगावात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो, ते याच अर्थाने. एक क्षण, एक गोळी, आणि एरवी चारचौघांसारखे असलेले आयुष्य त्या क्षणात उजळून निघते. ख्रिस्ती परंपरेतला ‘मार्टर’ हा शब्द मात्र निराळ्या मुळातून आला आहे. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच. साक्षीदाराला मरावे लागतेच असे नाही. पण आपली साक्ष फिरवण्याची मुभा त्याला नसते. या दोन शब्दांतले अंतर मला उमगले ते एका चरित्रामुळे. ते चरित्र रुमानियाचे ग्रीक कॅथलिक बिशप युलिउ होसू यांचे.

होसूंचा जन्म १८८५ सालचा, ट्रान्सिल्व्हेनियातला. हा प्रांत तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता आणि तिथल्या रुमानियन भाषकांची ओढ पलीकडच्या रुमानियाकडे होती. १ डिसेंबर १९१८ रोजी अल्बा युलिया या गावी प्रचंड सभा भरली. रुमानियाशी एकीकरणाचा ठराव लोकांपुढे वाचून दाखवण्याचा मान तेहतीस वर्षांच्या बिशप होसूंना मिळाला. पुढे १९४० साली प्रांताचा उत्तर भाग पुन्हा हंगेरीकडे गेला, तेव्हाही होसू क्लुज शहरात आपल्या माणसांबरोबर राहिले. १९४४ साली ज्यूंवर संकट कोसळले, तेव्हा त्यांना मदत करा असे आवाहन त्यांनी आपल्या धर्मगुरूंना आणि भाविकांना केले.

यानंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि वेगळाच पेच उभा राहिला. ग्रीक कॅथलिकांची उपासनापद्धती बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांसारखीच. तेच विधी, तीच रुमानियन भाषा. त्यांच्या धर्मगुरूंना लग्न करण्याची परवानगी, तीही तशीच. मुख्य भेद एवढाच, की १७०० च्या सुमारास या मंडळींनी रोमच्या पोपशी नाते जोडले होते आणि उपासनेत त्याचे नाव घेतले जाई. नव्या सरकारला नेमके हे परदेशाशी असलेले नाते नको होते. सरकारने म्हटले, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील व्हा, प्रश्न मिटला. ऑक्टोबर १९४८ मध्ये क्लुजला काही धर्मगुरू जमवून तसा ठराव करून घेण्यात आला. होसूंनी त्या धर्मगुरूंना बहिष्कृत केले. महिनाअखेरीस बिशपांना अटक झाली. १ डिसेंबर १९४८ रोजी सरकारी हुकमाने सुमारे १५ लाख लोकांचे चर्च बेकायदा ठरले. ज्या तारखेला तीस वर्षांपूर्वी होसूंनी एकीकरणाचा ठराव वाचला, तीच ही तारीख.

इथे एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जिथे विधी तोच, भाषा तीच, देव तोच, तिथे एका नावासाठी एवढा अट्टहास कशाला? सही केली असती तर होसूंना मोल्दोवाचे मेट्रोपोलिटनपद देऊ केले होते. लोकांची सेवाही करता आली असती. मग हा निव्वळ हट्ट नव्हे काय?

मला वाटते, या प्रश्नातच एक मेख आहे. फरक किती मोठा, हे मोजण्याचा अधिकार हुकूम काढणाऱ्याने स्वतःकडे घेतलेला असतो. फरक खरोखर क्षुल्लक असता, तर तो पुसण्यासाठी तुरुंग कशाला लागले असते? सीमाभागातल्या आपणा लोकांना ‘काय फरक पडतो?’ हा प्रश्न अपरिचित नाही. समजुतीच्या स्वरात तो विचारला जातो आणि उत्तर आधीच ठरलेले असते. होसूंचा नकार ऑर्थोडॉक्स बांधवांच्या श्रद्धेला नव्हता. त्यांचेही कितीतरी धर्मगुरू त्याच राजवटीत तुरुंगात खितपत पडले. माणसाच्या अंतःकरणातली गोष्ट हुकमाने बदलता येते, या समजुतीला तो नकार होता.

पण मग ज्यांनी सही केली, त्यांचे काय? बिशप ब्रह्मचारी, खेड्यातल्या धर्मगुरूला बायकामुले होती. बिशपाने तुरुंग पत्करला तर तो एकटा आत जाई. त्या धर्मगुरूच्या सहीवर चार जिवांची भाकरी अवलंबून होती. त्याला दूरवरून भेकड म्हणणे फार सोपे आहे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. एकाच्या धैर्याने दुसऱ्याचा अपराध सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की नकार देणे अशक्य नव्हते.

१९५० ते १९५५ होसू सीमेजवळच्या सिगेत गावच्या तुरुंगात होते. तिथे त्यांच्या सहकारी बिशपांपैकी काहींचा अंत झाला. कबरींवर नावेही नव्हती. होसू वाचले. पुढची वर्षे मठांतल्या नजरकैदेत गेली, बहुतेक बुखारेस्टजवळच्या कल्डरुशानीच्या मठात. तिथेच त्यांनी आठवणी लिहिल्या. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना कार्डिनल करायचे ठरवले. पण त्यासाठी त्यांनी देश सोडून रोमला जावे, अशी सरकारची इच्छा होती. होसूंनी जाण्यास नकार दिला. आपली माणसे जे भोगत होती त्यातला आपला वाटा त्यांना टाकायचा नव्हता. अखेर पोपने त्यांचे नाव गुप्त ठेवले. २८ मे १९७० रोजी बुखारेस्टच्या इस्पितळात, वयाच्या ८५ व्या वर्षी, होसू कैदीच म्हणून वारले. ते कार्डिनल होते हे जगाला १९७३ मध्ये कळले.

या जवळजवळ बावीस वर्षांत त्यांच्यावर एकदाही खटला चालला नाही. खटला म्हटला की आरोपीला बोलू द्यावे लागते. साक्षीदार होता, पण न्यायालय नव्हते. रोज सकाळी उठायचे आणि कोणी विचारत नसतानाही कालचेच उत्तर मनाशी कायम ठेवायचे, एवढीच त्यांची साक्ष. गोळीला सामोरे जाणाऱ्याला एकदाच ‘नाही’ म्हणावे लागते. होसूंना ते हजारो वेळा म्हणावे लागले, आणि प्रत्येक वेळी एक दार उघडे होते.

२ जून २०१९ रोजी ब्लाज गावी पोप फ्रान्सिस यांनी होसूंसह सात बिशपांना हुतात्मे म्हणून ‘धन्य’ घोषित केले. त्या निर्णयाचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने ठरवावा. मला त्यात हौतात्म्याच्या कल्पनेचा विस्तार दिसतो. आहुती एका ज्वाळेत पडते तशी ती थेंबाथेंबानेही पडते. आणि अशा आहुतीला बहुधा कोणी प्रेक्षक नसतो.