वीणा लावणे आणि कान लावणे

आपल्या मराठी भाषेत एक मौज आहे. तार सुरात आणणे याला आपण ‘वीणा लावणे’ म्हणतो आणि मन देऊन ऐकणे याला ‘कान लावणे’ म्हणतो. क्रियापद एकच. यंदा नागपुरातल्या सप्ताहांतून फिरताना तरुण वीणेकऱ्यांनी आम्हांला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, आणि त्याचे उत्तर या एका क्रियापदात आहे असे आम्हांला वाटते. प्रश्न असा : “महाराज, आता मोबाईलवर काटा दिसतो, तार बरोबर आली की हिरवा दिवा लागतो. मग कान तयार करण्यात वर्षे कशाला घालवायची?”

प्रश्न रास्त आहे, त्यात उद्धटपणा नाही. म्हणून आधी पूर्वपक्षाचे म्हणणे पुरते ऐकू. यंत्र खोटे बोलत नाही. तार सेकंदाला किती वेळा कंप पावते हे ते मोजते आणि सांगते. ज्याचा कान वयाने मंदावला त्याला ते काठीसारखा आधार देते. आणि आपण तरी यंत्रांना दाराबाहेर कुठे ठेवले आहे? ध्वनिवर्धक आपल्या मंडपात आहे, परदेशातून आलेली पेटी आहे, विजेवरचा तंबोराही आहे. तेव्हा यंत्र वापरणे हा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. विचार एवढाच करायचा की, काट्याने तार लागते, पण लावणाऱ्याचे काय होते?

प्रथम वीणेचा स्वभाव पाहा. तंबोऱ्याचा भोपळा बहुधा पंढरपूरच्या परिसरात पिकतो. तो मिरजेला जातो, तिथे कारागीर त्याला दांडी, तबली, घोडी चढवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पांडुरंगाच्या गावाजवळची वेल शेवटी कीर्तनात येऊन उभी राहते. पण ते लाकूड आणि तो भोपळा निर्जीव समजू नका. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की लाकूड सुकते, खुंटी सैल पडून फिरते, तापलेली तार उतरते. पावसाळा लागला की तीच खुंटी फुगून हलेनाशी होते. विदर्भातून उन्हात निघालेली दिंडी वाटेत पावसाला सामोरी जाते, तेव्हा वीणा रोज नव्याने लावावी लागते. एकदा लावली आणि झाले, असे वीणेचे नाही. मनाचेही नाही.

आता लावण्याची रीत. कीर्तनकाराच्या गळ्याचा षड्ज घ्यावा आणि मधल्या जोडाच्या तारांपैकी एक तार त्या षड्जावर पक्की करावी. मग तिच्याशी दुसरी मिळवावी. दुसरी चढी आहे की उतरलेली हे कळेना, तर ती मुद्दाम पुष्कळ उतरवावी आणि खालून सावकाश वर आणावी. त्यानंतर खर्ज, मग पंचम. खुंटीने मोठा फरक काढावा, मण्याने बारीक. शेवटी घोडीवरचा दोरा सरकवून जवारी खुलवावी.

या कामात एक गोष्ट घडते, तिच्याकडे आम्ही तुमचे लक्ष ओढू इच्छितो. दोन तारा जवळजवळ मिळाल्या, पण पुरत्या मिळाल्या नाहीत, की नादात एक लाट उठते. आवाज वाढतो, कमी होतो, वाढतो, कमी होतो. एक तार सेकंदाला १४० वेळा आणि दुसरी १४३ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला ३ लाटा येतात. हे कोणालाही ऐकू येते. फरक अर्ध्या कंपाचा उरला, तर एक लाट पुरी व्हायला २ सेकंद लागतात. पाव कंपाचा उरला तर ४ सेकंद. म्हणजे तार छेडून लगेच “लागली” म्हणणाऱ्याला हा दोष ऐकूच येणार नाही, कारण लाट पुरी होण्यापूर्वीच त्याने कान काढून घेतलेला असतो.

दोष जितका बारीक, तितका वेळ त्याच्यापाशी थांबावे लागते. आमच्या मते वीणेची सगळी शिकवण यात आली. चोरी, शिवीगाळ, दारू हे दोष सेकंदाला तीन लाटांचे आहेत, शेजाऱ्यालाही कळतात. पण कीर्तनात टाळी पडली की मनात किंचित फुगणे, दान देताना कोणी पाहते की नाही इकडे जरा नजर जाणे, हे पाव कंपाचे दोष आहेत. घाईच्या माणसाला ते कधीच सापडत नाहीत. तो स्वतःला सुरात आहे असे समजतो आणि आयुष्यभर किंचित बेसूर राहतो.

यावर तरुण म्हणेल, “पण काटा तर पाव कंपाचा दोषही क्षणात दाखवतो!” दाखवतो, खरे आहे. पण तो तारेचा दोष दाखवतो. गळ्याला खुंटीही नाही आणि मणीही नाही. भजनात चाल धरल्यावर पंधरा टाळकऱ्यांनी आपला आवाज क्षणोक्षणी वीणेशी मिळवायचा असतो. तिथे काट्याकडे कोण पाहील? तिथे कानच हवा, आणि तो कान तार लावता लावताच तयार होतो. सप्ताहात तर वीणा खाली ठेवतच नाहीत. पहारा बदलताना एकजण दुसऱ्याच्या गळ्यात ती देतो, पायाला हात लावतो. मध्यरात्री, टाळमृदंगाच्या घोषात, उभ्या उभ्या उतरलेली तार ओळखायची असते.

शास्त्राचीही साक्ष आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात श्रुतींचे प्रमाण सिद्ध करायला दोन सारख्या वीणा घेतल्या, एक अचल आणि एक चल. चल वीणा उतरवीत जायची आणि अचलेशी ताडून पाहायची. प्रमाण कानाचे. पुढे तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला, त्यानेही हाच मार्ग धरला. ‘श्रुति’ म्हणजे ऐकायची वस्तू. वेदालाही तोच शब्द, सुरातल्या सूक्ष्म अंतरालाही तोच. हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही.

आणि विदर्भाने तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. माधानच्या प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १८८१ ते १९१५, अवघी ३४ वर्षांची हयात. इतरांनी वाचावे, त्यांनी ऐकावे. त्यांनी सांगावे, इतरांनी लिहावे. एवढ्यावर शास्त्रे मुखोद्गत झाली आणि ग्रंथांची रास उभी राहिली. कान लावणे म्हणजे काय, ते इथे कळते.

कानाला फळ मिळते तेही सांगतो. खर्ज नीट लागला आणि जवारी खुलली की त्या नादातून गांधार आपोआप ऐकू येतो. गांधाराची तार वीणेवर नसते, कोणी ती छेडत नाही, तरी गांधार वाजतो. पेटीचा गांधार यापेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. म्हणून पेटीवरून षड्ज घ्यावा, पण गांधार तिच्याकडून शिकू नये. न छेडलेला हा सूर ज्याने एकदा ऐकला, त्याला साधनेत न मागता काय मिळते हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा निर्णय असा. पहाटे, घर निजलेले असताना, पाव तास वीणा घेऊन बसावे. आधी कानाने लावावी. चार सेकंद थांबावे. “लागली” असे वाटले की आणखी चार सेकंद थांबावे. मग हवे तर काट्याला विचारावे. काटा साक्षीदार असू द्या, न्यायाधीश नको. साक्षीदार म्हणाला, “अजून थोडी उतरलेली आहे,” तर रागावू नये. पुन्हा कान लावून तो फरक स्वतः ऐकेपर्यंत मणी हलवू नये. मुलांना तर आधी एकाच तारेवर बसवावे आणि तिच्याशी गळा मिळवायला सांगावे. सहा महिन्यांत काट्याची गरज कमी होते.

वीणा लावून झाली की ज्याच्या पहाऱ्याची पाळी असेल त्याच्या गळ्यात ती द्यावी, आणि आपण टाळ घेऊन मागे उभे राहून ऐकावे. रामकृष्णहरि.